विरजण लावलेली माती: राधानगरीच्या सड्यावर चार दिवस

कोल्हापूरला जाऊन एक चप्पल न घेता परत आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पिशवीतून आणलं काय, तर नाचणीची आणि चवळीची मुळं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. नवरा म्हणाला, "लोक गूळ आणतात." गूळही आणला होता, पण तो मुळांच्या खाली होता.

निमित्त माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणीचं. तिच्या मामांची जमीन राधानगरी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर आहे. त्यातला एक तुकडा बॉक्साइटच्या खाणीसाठी गेला, माल काढून झाल्यावर खड्डा बुजवून परत मिळाला, आणि गेली काही वर्षं मामा त्यावर जिवाणू खतं वापरून पीक घ्यायला बघतायत. मी पुण्यात गच्चीवर भाज्या लावते, त्यामुळे जिवाणू खत, मायकोरायझा (पिकाच्या मुळांत राहणारी उपयोगी बुरशी) हे शब्द मला तोंडपाठ. मामांच्या रानात पोचेपर्यंत वाटायचं की मला त्यातलं कळतंही. गावाचं नाव लिहीत नाही. मामांनीच सांगितलं, "नाव नगो. मागनं लोक गाड्या घेऊन येत्यात."

दिवस पहिला: कोल्हापूर

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. दुपारी पोचले तेव्हा ऊन असं होतं की स्टिअरिंगला हात लावता येईना. मैत्रीण म्हणाली, "मी जेवलो नाही अजून, तुझ्यासाठी थांबलोय." तिच्या ह्या 'जेवलो-थांबलो'ची मला पंचवीस वर्षांची सवय आहे. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात आणि ऐकायला फार रुबाबदार वाटतं. मग मिसळ. इथे मिसळीबरोबर पाव मागितलात की तुम्ही पुण्याचे हे लगेच ओळखतात, कारण इथे ब्रेडचे स्लाइस देतात. कट दोनदा घेतला. दुसऱ्यांदा घ्यायला नको होता.

संध्याकाळी लक्ष्मीपुरीत जाऊन मामांसाठी भेट घेतली: हवेतला नायट्रोजन बांधणारे रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मातीतला फॉस्फरस मोकळा करणारे पीएसबी, अशा जिवाणूंच्या पाव-पाव किलोच्या पुड्या. पेढे नेण्यापेक्षा हे बरं, अशी माझी कल्पना. पुड्या गाडीत मागच्या काचेपाशी ठेवल्या आणि रंकाळ्यावर भेळ खायला गेलो. ह्या पुड्यांचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी येईलच.

दिवस दुसरा: सडा

कोल्हापूर ते राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. हळदी, भोगावती करत रस्ता उसातून जातो. राधानगरीच्या पुढे ऊस मागे पडतो, भात सुरू होतो आणि मग चढ. सड्यावर आलं की एकदम सपाट. साधारण हजार मीटर उंचीवर इतकं सपाट काही असेल असं खालून वाटतच नाही. कातळ, त्यावर बोटभर माती आणि त्या मातीत फुलंच फुलं. बहर सरत आला होता, तरी पांढरे गेंद होते, ओलीला निळी सीतेची आसवं होती, पिवळा कवला होता.

मैत्रीण फोटो काढत होती तेव्हा मला पहिल्यांदा नीट जाणवलं की हा सगळा उपाशी जागेतला बाजार आहे. सीतेची आसवं जमिनीतल्या इवल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून खाते. शेजारची दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांवर किडे धरते. दोघींनाही इथल्या मातीत नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) पुरेसं मिळत नाही. आणि कवला? तो शेंगवर्गातला, त्याने मुळांच्या गाठीत जिवाणू पाळलेत, ते हवेतला नत्र बांधून देतात. म्हणजे मामा जे पुडीतून आणून करतायत ते कवला इथे फुकटात करत आलाय.

शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. आदल्या रात्री परतीचा पाऊस झालेला, आणि खाणीच्या बाजूला ती पिवळट-पांढरी चिकणमाती उघडी पडलेली. गाडी त्यात बसली. चाक फिरतंय, गाडी हलत नाही. शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला, दोर लावला, पैसे घेतले नाहीत, वर "पुण्याची गाडी हाय, हळू वडा रं" म्हणून पोराला दम दिला.

*जाणार असाल तर:* परतीचा पाऊस संपेपर्यंत खालून टेकणारी गाडी सड्यावर नेऊ नका, मुख्य रस्त्याला लावून चाला. सप्टेंबरात गेलात तर जळवा असतात, मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवा. फुलांवर पाय देऊ नका हे सांगायला लागू नये, पण लागतं.

मामा बांधावरच उभे होते. धोतर नाही, बर्म्युडा आणि टोपी. "आलासा? च्या घेनार का आधी रान बघनार?" मी गाडीतून मोठ्या ऐटीत पुड्या काढल्या. मामांनी एक हातात घेतली, गालाला लावून बघितली आणि हसायला लागले.

"ताई, कुठं ठेवल्या हुत्या?"

"गाडीत."

"काचंपाशी?"

"हो."

"मग मेल्यात की वो ह्या. सकाळधरनं ऊन, आन काचा बंद."

जिवाणू खत म्हणजे जिवंत माल. सावलीत, थंड जागी ठेवायचा, पुडीवरची तारीख बघायची. मला हे माहीत होतं. गच्चीवरच्या माझ्या पुड्या मी फ्रीजमध्ये ठेवते. तरी. मामांनी पुड्या फेकल्या नाहीत, उकिरड्यात टाकल्या. "खत तर हुईल," म्हणाले.

मग रान. आधी खाण बघितली, कारण ती बघितल्याशिवाय रान कळत नाही. वर जांभ्याचं टोपण, त्याखाली बॉक्साइट, त्याखाली ती चिकणमाती. बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. ते काढलं की राहतो लाल भिंतींचा खड्डा. एक खड्डा अजून बुजवलेला नाही, त्यात हिरवंनिळं पाणी साठलंय. दिसायला सुंदर, पण काठ ढासळता, आणि खोली कुणाला ठाऊक नाही. तिथे पोहायला उतरणारी पोरं बघून पोटात गोळा आला.

बुजवलेला तुकडा दीड एकराच्या आसपास. पहिल्या वर्षी मामांनी बाकीच्या रानासारखीच नाचणी लावली, युरिया टाकला, स्फुरदवालं डीएपी टाकलं. रोपं वीतभर झाली, पानं जांभळी पडली आणि तिथंच थांबली. जांभळं पान म्हणजे स्फुरद मिळत नाही. पण स्फुरद तर टाकलेलं! गोम अशी की ह्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम इतकं असतं की टाकलेलं स्फुरद ते धरून ठेवतं, मुळाला सोडत नाही. त्यात माती आम्ल असेल तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकंच खुरटवतं. आणि खाण काढताना वरची बोटभर सुपीक माती उकरून ढीग मारलेला असतो. तो ढीग वर्षानुवर्षं तसाच राहिला की आतली बुरशी, जिवाणू मरत जातात. खड्डा बुजवल्यावर ती माती वर पसरली तरी ती बरीचशी नुसती भुकटी असते, जीव नसतो.

"बँकेत पैसं हायत, पासबुक हाय, खरं कॅशियर न्हाई," मामा म्हणाले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी साखर कारखान्यातून प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, आणलं आणि तसंच ताजं रानात ओढलं. वास असा की शेजारी भांडायला आले. कुजताना ते तापलं, रोपं करपली, आणि वर हुमणी, ती मुळं खाणारी अळी, लागली. तिसऱ्या वर्षी शहाणपण आलं: प्रेसमड शेणाबरोबर खड्ड्यात दोन महिने कुजवलं, रानात ताग पेरला, फुलावर यायच्या आत गाडला. चौथ्या वर्षापासून जिवाणू.

हा मेळ मामांच्या डोक्यातून निघालेला नाही. नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर हेच केलं होतं: साखर कारखान्याचं प्रेसमड, त्यात मायकोरायझा, ॲझोटोबॅक्टर, शेंगवर्गीय झाडांसाठी रायझोबियम. तिथे झाडं लावली होती, इथे खायचं पीक आहे. हा फरक मी मुद्दाम विचारला. बॉक्साइटच्या जागेवर एक वेळ चालेल, पण मँगनीज, क्रोमियम, शिसं अशा खाणीच्या ढिगावर माती आणि दाणा तपासल्याशिवाय नाचणी लावून ती लेकरांना घालणं मला पटत नाही. मामांनी माती तपासून घेतली होती. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवलेला, सातबाराच्या जोडीला.

रानाचे त्यांनी दोन पट्टे केलेत. दोन्हीकडे कुजवलेलं प्रेसमड सारखं. एका पट्ट्यातल्या नाचणीच्या तरव्याला (लागणीआधी वाढवलेल्या रोपांना) मायकोरायझा, लागणीच्या वेळी मुळं ॲझोस्पिरिलम (नत्र बांधणारा आणखी एक जिवाणू) आणि पीएसबीच्या पाण्यात बुडवलेली. दुसऱ्या पट्ट्याला काहीच नाही, "नुसतं बघाय". शिकलेल्या लोकांनी सांगितलं होतं, एक पट्टा कोरा ठेवा. नाचणी दोन्हीकडे निसवली होती. पुडीच्या पट्ट्यात कणसं जरा भरलेली वाटली, पण मला तसं बघायचंच होतं, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही. बांधापलीकडे न खणलेल्या रानात कारळे फुलले होते, पिवळेधमक.

चवळीचं एक झाड मामांनी खुरप्याने खालून अलगद उचललं. उपटलं नाही. उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात खळबळली. मुगाएवढ्या गाठी, मुख्य मुळाजवळ दाट. मामांनी एक गाठ माझ्या तळहातावर ठेवली आणि अंगठ्याचं नख मधोमध दाबलं. आत गुलाबी. कच्च्या मांसासारखा गुलाबी, आणि थोडा ओला. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं त्याच घराण्यातलं द्रव्य ह्या गाठीत असतं. ते आतला प्राणवायू आवरून धरतं, कारण नत्र बांधणाऱ्या यंत्रणेला प्राणवायू सोसत नाही. मग रानाच्या कडेला पाणी साठतं तिथलं एक झाड काढलं. गाठी होत्या, फोडल्या तर आत पांढरट-हिरव्या.

"ह्या बसून खानाऱ्या," मामा म्हणाले.

तेवढ्यात मामांची आई, सगळे आजी म्हणतात, डोक्यावर पाटी घेऊन कोऱ्या पट्ट्याच्या कडेने गेल्या. वय ऐंशीच्या पुढे. पाटीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई, कचरा." मामांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

जेवण मामींच्या हातचं: नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, मिरचीचा खर्डा, घनसाळ भात, ताक. घनसाळ आजऱ्याकडचा, शिजताना घरभर वास. खर्ड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मामी म्हणाल्या, "भाताबर खावा, लागत न्हाई." लागला.

दुपारी हुलग्याचं बियाणं तयार करायचं होतं. हे मात्र हाताने करून बघितलं. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ घालून उकळायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं. त्यात पाव किलो रायझोबियम कालवून दहा किलो बियाण्यावर शिंपडायचं आणि हलक्या हाताने चोळायचं, साल निघता कामा नये. मग सावलीत, पोत्यावर पसरून सुकवायचं आणि लगेच पेरायचं. रायझोबियम मामांच्या पुडीतलं, माझ्या नव्हे. ती पुडी त्यांनी ओल्या वाळूतल्या माठात ठेवली होती. गुळाने जिवाणू बियाण्याला चिकटून राहतात. कोल्हापुरात गुळाचा आणखी एक उपयोग कळला.

*गच्चीवाल्यांसाठी आणि शेतीवाल्यांसाठीही:* रायझोबियमची पुडी पिकाच्या गटाप्रमाणे घ्या. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग ह्यांना चवळी गटाची चालते. सोयाबीनला वेगळी, हरभऱ्याला वेगळी. बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. मायकोरायझाला जिवंत मूळ लागतं, म्हणून ती रोपाच्या मुळाशी द्या, रिकाम्या मातीवर भुरभुरू नका. आणि कोबी, मुळा, मोहरीला देऊन पैसे घालवू नका, त्या घराण्याची मायकोरायझाशी सोयरीकच नाही. हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी गच्चीवरच्या कोबीला घालतेय.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना वीज गेली आणि पाऊस आला. मी विचारलं, "मामा, एकूण काय म्हणता, पुडीने फरक पडतो का?"

"ह्ये बघा. पुडीत इरजान असतंय. दूध आपलं पायजे. मी पयल्या सालाला पाण्यालाच इरजान लावाय निघालतो."

दिवस तिसरा: राधानगरी

सकाळी आंबील पिऊन निघालो. मामींनी बाटलीत भरूनही दिली, ती घाटात फसफसून उघडली आणि मैत्रिणीची ओढणी गेली.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांचं. स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपणहून उघडतात. त्या दिवशी सगळे मिटलेले होते. दाजीपूरचं अभयारण्य, 1958 साली जाहीर झालेलं, पावसाळ्यात बंद असतं, आणि आम्ही गेलो तेव्हा अजून उघडलं नव्हतं. आधी फोन करून विचारायला हवं होतं. गवा बघायचा राहिला.

ह्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मामांच्या तुकड्यावर नाचणी आली, चवळी आली, पुढेमागे भुईमूगही चांगला येईल. पण गेंद नव्हते, सीतेची आसवं नव्हती. ती कातळावरच्या बोटभर ओलीतली फुलं. कातळच खणून नेला तर ती कुठल्या पुडीतून आणायची? आणि प्रेसमड घातलेल्या श्रीमंत मातीत ती टिकणारही नाहीत, त्यांचा सगळा संसार गरिबीवर उभा. खाणीच्या कागदावर अशा सड्याला 'पडीक' म्हणतात तेव्हा मला राग येतो. खणलेल्या जागी शेती उभी करणं मोठं काम आहेच. त्याचा दाखला देऊन पुढचा सडा खणू नये एवढंच.

दिवस चौथा: कोल्हापूर, काचेवर

मैत्रिणीची भाची एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. तिने मुळं आणायला सांगितली होती, दोन्ही पट्ट्यांतली, वेगवेगळी, नाव लिहून. मी नाचणीची बारीक तंतुमुळं आणली होती. जाड मुळांचा उपयोग नसतो.

तिने ती कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळून पारदर्शक केली, धुतली, आणि मग रंगवायला फाउंटन पेनची निळी शाई आणि व्हिनेगर. मी म्हटलं, शाई? ती म्हणाली, "मावशी, नेहमीचा रंग अंगाला वाईट. ही शाई स्वस्त पडते आणि दिसतं पण झकास."

पहिली काच पुडीच्या पट्ट्यातली. आधी नुसते पेशींचे चौकोन दिसले. मग तिने भिंग बदललं आणि म्हणाली, "आता डावीकडे बघा." मुळाच्या आत निळे धागे धावत होते आणि एका पेशीत, अगदी पेशीच्या आत, एक बारीक निळं झुडूप. बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या. हीच देवाणघेवाणीची जागा. बुरशी बाहेरच्या मातीतून, जिथवर मूळ पोचत नाही तिथून, स्फुरद आणून इथे उतरवते आणि बदल्यात पिकाची साखर घेऊन जाते. पलीकडे गोल निळे फुगे होते, बुरशीची कोठारं. ह्या जोडीला मायकोरायझा हे नाव 1885 साली फ्रँक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं, अर्थ बुरशी-मूळ. जोडी मात्र जमिनीवरच्या वनस्पतींइतकीच जुनी, 40 कोटी वर्षांच्या जीवाश्मांतसुद्धा असली झुडपं सापडलीत. मी काचेवरून डोळा काढेना तेव्हा ती म्हणाली, "मावशी, अजून एक काच आहे."

दुसरी काच कोऱ्या पट्ट्यातली. मी तिथे मोकळे चौकोन धरूनच डोळा लावला.

निळं. पहिल्या काचेपेक्षा जास्त निळं. तिने दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे झुडपं. "नावं उलटी तर लिहिली नाहीत ना?" मैत्रिणीने मला विचारलं. मी पुड्या गाडीत उकडवणारी बाई, शंका रास्तच होती. पण नावं मामांनी स्वतः लिहिली होती, त्यांच्या अक्षरात.

भाचीने एवढंच सांगितलं की चार तुकड्यांवरून काही ठरत नाही, आणि हेही की बाजारच्या बुरशीपेक्षा जागेवरची बुरशी वरचढ ठरते असं पुष्कळदा होतं. "पण तिथे जागेवरची होती कुठे? माती तर मेलेली म्हणालात."

पुण्याच्या वाटेवर, कराडच्या अलीकडे चहाला थांबले तिथून मामांना फोन लावला. ऐकून ते बराच वेळ गप्प. मग लांबून हाक ऐकू आली, "आई! त्या कडंच्या पट्टीत काय टाकत हुतीस गं तू?" काहीतरी बोलणं झालं, मला नीट ऐकू आलं नाही. मामा परत फोनवर आले.

"खळ्याकडंच्या फणसाखालची माती. गवताच्या मुळासकट. दोन सालं झाली म्हनं, रोज एक पाटी."

"का टाकत होत्या?"

"म्हनती, त्या पट्टीला तुमी काहीच दिला न्हाईसा, म्हनून."

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ताई, तिला ते काचंचं सांगू नगा. आता सगळ्याच रानात टाकाय लागंल, आन पाटी उचलाय मला लावंल."